स्त्रियांची कमी मजुरी आणि निर्यात

प्रश्न :
तयार कपड्यांच्या उद्योगातील परकीय गुंतवणुकीविषयी वाचताना एक युक्तिवाद वारंवार आढळतो. स्त्रिया कमी मजुरीत काम करतात म्हणूनच गरीब देशांचा माल जगात खपतो आणि समान वेतनाचा आग्रह धरल्यास कारखाने अन्यत्र जातील, असे त्यात म्हटलेले असते. यात कितपत तथ्य आहे?

प्रतिसाद १ :
काही तथ्य निश्चित आहे. अर्थतज्ज्ञ स्टेफनी सेग्विनो यांनी १९७५ ते १९९५ या काळातील निर्यातप्रधान, निमऔद्योगिक देशांचा अभ्यास करून असे दाखवले की, वेतनातील स्त्री-पुरुष तफावत जेथे अधिक होती तेथे आर्थिक वाढही अधिक झाली. दक्षिण कोरियात स्त्रियांचे सरासरी वेतन पुरुषांच्या निम्म्याच्या आसपास होते, आणि त्यांनी शिवलेल्या व जोडलेल्या मालातून मिळालेल्या परकीय चलनावर यंत्रसामग्री आयात झाली. मात्र तेथे कर्जपुरवठ्याची दिशा सरकार ठरवत होते, त्यामुळे नफा देशातच पुन्हा गुंतवला गेला. ही अट विसरून केवळ कमी मजुरीचे अनुकरण करणे मला धोक्याचे वाटते.

प्रतिसाद २ :
बांगलादेशाच्या निर्यात उत्पन्नाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग तयार कपड्यांतून येतो, आणि हा उद्योग प्रामुख्याने स्त्रियांच्या श्रमावर उभा राहिला. परंतु व्हिएतनाम, कंबोडिया असे अनेक देश स्वस्त स्त्रीश्रमाच्याच बळावर तोच माल विकू लागले की त्यांच्यातील चढाओढीने मालाचा भाव खाली येतो, आणि स्त्रीने सोसलेल्या कमी मजुरीचा लाभ मोठ्या प्रमाणात परदेशी खरेदीदाराच्या पदरात पडतो. या चढाओढीत सुरक्षेवरचा खर्चही कापला जातो. बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा या कपडे कारखान्यांच्या इमारतीला तडे गेल्याचे ती कोसळण्याच्या आदल्या दिवशीच दिसले होते. तेथील बँक बंद ठेवण्यात आली, शिलाई कामगारांना मात्र पुन्हा कामावर बोलावले गेले. २४ एप्रिल २०१३ रोजी ती इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मरण पावली, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. अशा श्रमाला देशाचे व्यापारी बलस्थान म्हणणे मला मान्य नाही.

प्रतिसाद ३ :
कारखाने निघून जाण्याच्या भीतीवर एकट्या देशाकडे उपाय नाही, म्हणून हा विषय व्यापार करारांतच यायला हवा. चिली आणि कॅनडा यांच्या सुधारित करारात लिंगसमानतेचे स्वतंत्र प्रकरण आहे, तथापि त्याला तंटानिवारणाची तरतूद लागू नाही. स्त्रिया आणि व्यापार यांविषयीच्या २०१७ च्या ब्यूनस आयर्स जाहीरनाम्यावर, लिंगसमानतेचा विषय जागतिक व्यापार संघटनेच्या कक्षेत येत नाही असे सांगून, भारताने सही केली नाही. श्रीमंत देश अशा अटींच्या आडून आपल्या बाजारपेठेचे दरवाजे बंद करतील, ही शंका निराधार नाही. पण तिचे उत्तर खरेदीदार कंपन्यांनाही मालाचा वाजवी भाव देण्यास बांधून घेणाऱ्या अटींत शोधावे लागेल.