'ब्रँड'ला मराठीत काय म्हणावं? ('नाममुद्रा' सोडून)

ओळीवर ओळ
मंडळी, अडलंय. महिला बचत गटांसाठी एक पुस्तिका इंग्रजीतून मराठीत करतेय. घरी मसाले, पापड, लाडू करून विकणाऱ्या बायकांनी आपला माल नावारूपाला कसा आणावा, असा विषय. दर तिसऱ्या ओळीत 'ब्रँड'. वर्तमानपत्रं वाचून तोंडात बसलेला 'नाममुद्रा' हा शब्द मी बिनदिक्कत घातला. बैठकीच्या सूचनेतही तोच लिहिला, 'प्रत्येक गटाने आपली नाममुद्रा सोबत आणावी'.

अकरा गट आले. नऊ जणींनी पिशवीतून अध्यक्ष-सचिवाचा रबरी शिक्का काढून टेबलावर ठेवला. दोघींनी शाईचं पॅडही आणलेलं. एक मावशी म्हणाल्या, "कशावर मारायचा, ताई?"

तर नाममुद्रा बाद. दुसरं काहीतरी सुचवा. सोमवारी मजकूर छापखान्यात द्यायचाय.

कोशकिडा
बायका बरोबर होत्या, चूक वर्तमानपत्रांची. मुद्रा म्हणजे शिक्काच. शिवाजी महाराजांच्या पत्रावर माथ्याला 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा आणि मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब. म्हणून शिक्कामोर्तब. त्यात विक्रीचा वास कुठेय?
चांगला 'छाप' आहे की आपल्याकडे. गाय छाप जर्दा, माकड छाप काळी टूथ पावडर. हा शब्द लोकांनी कोणत्याही समितीला न विचारता केलाय.

ओळीवर ओळ
करून पाहिलं. 'आपल्या मसाल्याची छाप तयार करा' असं वाचून दाखवलं तर मागून आवाज आला, "टपोरी छाप?" पुढची दहा मिनिटं हसण्यात गेली.

संत्रानगरी
अंगठाछाप राहिलाच की! 😄
पण खरंच, छाप हा नावाचा शब्द नाहीच, तो चित्राचा आहे. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला बोट दाखवून माल मागता यावा म्हणून गाय, माकड, उंट. माझे आजोबा मुंबईच्या कापड गिरणीत होते. कापडाच्या ठाणावर चिकटवायचे रंगीत कागद ते घरी आणायचे. लक्ष्मी, पोपट, हत्तीवर बसलेला राजा. आजीने त्यातली लक्ष्मी देव्हाऱ्यात लावली होती, खाली इंग्रजीत गिरणीचं नाव तसंच. आजोबा सांगायचे, गिरणीचं नाव कुणी घेत नसे, 'पोपटाचं ठाण काढा' म्हणत.

कोशकिडा
सुंदर! मूळ इंग्रजी शब्दही जाळण्यावरूनच आलाय. तापलेल्या लोखंडाने गुरांवर मालकाची खूण उमटवायची. आपल्याकडे त्यालाच डागणे. अलाउद्दीन खिलजीने सैन्यातले घोडे डागायची पद्धत लावली, पुढे अकबरानेही. फारसीत 'दाग'. म्हणजे काटेकोर भाषांतर करायचं तर ब्रँड = डाग.

किराणा भुसार
आणि पाकिटावर छापा, 'आमच्या मसाल्याला डाग आहे'. लगेच खपेल.

कोशकिडा
हसा. पण एसटीच्या टपावर सामान चढवताना 'किती डाग?' विचारतात ना? ज्याच्यावर मालकाची खूण तो डाग. सोन्याचा डागही त्यातूनच.

संत्रानगरी
सोन्याच्या डागाला कोण डागतं? ही तुमची मनची व्युत्पत्ती आहे. मागे 'पाटलोण'ला 'पाट' लावलेला तुम्हीच ना?

किराणा भुसार
मी भाषेतला नाही, दुकानातला आहे. आमच्यात ब्रँडला 'नाव' म्हणतात. 'त्यांच्या हिंगाला नाव आहे', 'नाव घालवलं', 'नावावर खपतंय'. वडील आणि काकांची भागीदारी मोडली तेव्हा वकिलाने हिशोबात 'ख्याती' म्हणून रक्कम धरली. काका भडकले. म्हणे, ख्याती कुठे ठेवलीय ते दाखवा, तेलाच्या डब्यामागे की पोत्याखाली? वकील म्हणाला, काका, दुकानाचं नाव. तेव्हा लगेच समजलं, आणि त्यांनी वाटा वाढवून मागितला.

ताई, रागावू नका, पण बायकांचा खोळंबा शब्दापाशी नाही. एका गटाची शेंगदाणा चटणी मी दुकानात ठेवत होतो. पहिली खेप दोन दिवसांत संपली. दुसऱ्या खेपेला मीठ पुढे. तिसऱ्या खेपेला पाकीट लालऐवजी निळं, कारण पिशवीवाल्याकडे लाल संपलं होतं. गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन म्हणायचं, "ही नको, मागची द्या." अहो, मागचीच होती ती! त्यांना म्हटलं, मीठ मुठीने घालू नका, काट्यावर घ्या. पाच जणींच्या पाच मुठी. हे तुमच्या पुस्तिकेत आहे का?

ओळीवर ओळ
नाही. 'सातत्य राखा' असं एक वाक्य आहे.

किराणा भुसार
ते काढा आणि मिठाचं घाला.

काळा कोट
'नाव' आणि 'चिन्ह' एकात कालवू नका, पुढे भांडणं माझ्याकडे येतात. नोंदणी होते ती ट्रेडमार्कची, मराठीत व्यापारचिन्ह. कायदा १९९९चा. त्यात मालाचे वर्ग पाडलेत, मसाले ३०व्या वर्गात. एकटी व्यक्ती किंवा लहान उद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला दर वर्गामागे ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षं टिकते, मग नूतनीकरण. 'घरगुती', 'चविष्ट', 'अस्सल' असले शब्द मालाचं नुसतं वर्णन करतात. ते सहसा कुणा एकाच्या नावावर होत नाहीत.
आणखी एक. अर्ज केलेला नसला तरी नावाशेजारी 'टीएम' चालतं. वर्तुळातला 'आर' नोंदणी झाल्यावरच, आधी लावला तर दंड. माझ्या एका अशिलाने पाच हजार पाकिटं तशी छापून घेतली होती. विचारलं तर म्हणाले, डिझाइनवाल्या पोराने शोभेला टाकलाय.

शुद्धमती
इतकी चर्चा झाली, पण 'ब्रँड' नको म्हणायची हिंमत कुणी करत नाही. सावरकरांनी दिनांक, महापौर हे शब्द दिले तेव्हाही लोक हसलेच होते. 'नाममुद्रा' दहा वर्षं वापरा, शिक्का आठवणार नाही.

संत्रानगरी
दिनांक सरकारी फॉर्मवर आला म्हणून रुजला. नाममुद्रेसाठी कुठला फॉर्म काढायचा? आणि बायका रोज 'ब्रँडेड ड्रेस' म्हणतात हो. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले. नाव काय, तर लिज्जत. मूळ अरबी, वळण गुजराती, आपण म्हणतो लज्जत. 'सुरुची पर्पट' ठेवलं असतं तर?

शुद्धमती
मालाचं नाव आणि संकल्पनेचा शब्द यांत गल्लत करताय. पर्पटावर हसणं सोपं आहे. तुमचा पापड तिथूनच आलाय.

ओळीवर ओळ
बरं, नामाला 'ब्रँड' ठेवते, कंसात काही नाही. क्रियापदाचं काय? 'ओळख बनवा' लिहिलं होतं, ते खोडलं. ओळख बनवतात हिंदीत. मराठीत ओळख होते, पटते, विसरते. आत्ता असं केलंय: 'पाकीट लांबून पाहिलं तरी ही सातारची कांदा-लसूण चटणी, हे गिऱ्हाइकाला ओळखू यावं.' चालेल?

रंकाळा
वाक्य झ्याक. पण लेबलवर 'चटणी' असंच छापणार? आमच्या वहिनीने छापलं होतं. मुंबईच्या एका बाईने पाकीट परत पाठवलं. म्हणे, ओली चटणी मागवली, तुम्ही तिखट पूड पाठवली. आता आमच्यात चटणी म्हणजे तिखटच की. कालवणात घालतो ती चटणीच.

शुद्धमती
चटणी पानात डावीकडे वाढतात. तुम्ही म्हणताय तो मसाला.

रंकाळा
मसाला गरम असतोय. वर्षाची चटणी करायची असती.

संत्रानगरी
आमच्याकडे तिखट म्हणजे तिखट. चटणी जवसाची.

किराणा भुसार
आमच्या दुकानात दोन बरण्या आहेत, एकीवर 'चटणी', एकीवर 'मसाला'. माल एकाच पिंपातला. कोल्हापूरकडचं गिऱ्हाईक पहिलीतून नेतं, पुण्याचं दुसरीतून.

रंकाळा
दर बी एकच का?

किराणा भुसार
ते विचारू नका.

रंकाळा
बरं, डंकावर कुटलेली हाय का गिरणीतली, एवढं तरी सांगा.