कोरियांचं बेलापूर

'चार्ल्स कोरिया म्हणजे कंबाला हिलवरचं कांचनजंगा, श्रीमंतांचा वास्तुविशारद' असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. मुंबईतली ही उंच निवासी इमारत सुंदर आहेच, पण त्यांचा जीव बैठ्या घरांत जास्त रमायचा असं मला वाटतं. नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज कुणी पाहिलंय का? १९८३ ते ८६ या काळात बांधलेली ही कोरियांची वसाहत. सात-सात घरं एका सामायिक अंगणाभोवती, अंगण साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरीब आणि बऱ्या परिस्थितीतल्या घरांच्या जागेत फार तफावत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठल्याही दोन घरांत सामायिक भिंत नाही. कुटुंब वाढलं, हातात चार पैसे आले, की शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवायची.

माझी मावशी तिथे बरीच वर्षं राहायची. उतरतं कौलारू छप्पर, दारासमोर अंगण, संध्याकाळी सातही घरांतली मुलं तिथेच. कुणाची आई ओट्यावरून लक्ष ठेवून असायची, ती सगळ्यांचीच आई. आता बरीच मूळ घरं पाडून तिथे दोन-तीन मजली बंगले झालेत, हे पाहून वाईट वाटतं. पण घर माणसांबरोबर वाढावं हे तर कोरियांनी नकाशातच धरलं होतं. अंगणं अजून आहेत. मागच्या दिवाळीत गेले तेव्हा एका अंगणात पोरं किल्ला करत होती.