मदत हवी आहे: जिमने वर्षाची फी घेऊन गाशा गुंडाळला, सगळ्यांनी मिळून एकच तक्रार करता येईल का?

नमस्कार मंडळी,

घोडबंदर रोडवरच्या आमच्या जिमच्या शटरवर मार्चमध्ये 'नूतनीकरणासाठी बंद' असा कागद लागला. मागच्या आठवड्यात ट्रेडमिल टेम्पोत भरून गेल्या, म्हणजे नूतनीकरण संपलं. जानेवारीत 'न्यू इयर ऑफर' म्हणून वर्षाचे १४,००० एकरकमी घेतलेत. हेड ऑफिस म्हणतं फ्रँचायझीला विचारा, फ्रँचायझीवाला फोन उचलत नाही. पर्याय दिलाय डोंबिवली शाखेचा. पहाटे उठून घोडबंदरहून डोंबिवली, मग व्यायाम, मग ऑफिस!

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं, पावतीवर 'फी परत मिळणार नाही' असं छापलेलं आहे. ग्रुपवर दीडशेच्या वर लोक आहेत, पण चौदा हजारांसाठी एकटा कोणी वकील करणार नाही. कंपनीची सगळी भिस्त त्यावरच.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३५(१)(सी) वाचलं. सगळ्यांचं हित एकच असेल तर ग्राहक आयोगाच्या परवानगीने काही जण सर्वांच्या वतीने तक्रार करू शकतात. सगळ्यांची मिळून रक्कम ५० लाखांच्या आत, त्यामुळे प्रकरण ठाणे जिल्हा आयोगातच राहील. पण २०२१ चा सुप्रीम कोर्टाचा ब्रिगेड एंटरप्रायझेस या बिल्डर कंपनीच्या प्रकरणातला निकाल वाचून पाय लटपटले. १,१३४ फ्लॅटच्या प्रकल्पात ९१ खरेदीदार सर्वांच्या वतीने आयोगात गेले होते. हित समान कसं, हे तक्रारीत नीट मांडलेलं नाही म्हणून कोर्टाने ते मानलं नाही. स्वतःपुरती एकत्र तक्रार मात्र चालू दिली.

आमच्यात तर खिचडीच आहे. कोणी सहा महिन्यांचे भरलेत, कोणी पर्सनल ट्रेनरचे वेगळे, आणि चौघांनी डोंबिवली चक्क मान्य केली. याला समान हित म्हणतील? की पंचवीसेक वार्षिकवाल्यांनी स्वतःपुरती एकत्र तक्रार केलेली बरी? मग बाकीच्यांचं काय?

पावतीवर नाव कंपनीचं, शिक्का फ्रँचायझीचा. दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करायचं ना? तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, पण तोवर फ्रँचायझीवाला सापडायला हवा.

परवानगीचा अर्ज प्रत्यक्ष कोणी केलाय का? इतर ग्राहकांसाठी पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागली का, आणि तो खर्च कोणी उचलला? ठाण्यातला वकील सुचवायचा असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

('सूर्यनमस्कार घाला, फुकट असतात' हे घरी ऐकून झालंय.)