मरळीच्या पोटातली अर्धवट पचलेली बारीक मासोळी कशी ओळखायची? (बजेट १५०० पर्यंत)

उमरेडरोड_तलाव
नमस्कार मंडळी. आमच्या गावचा तलाव संस्थेकडे ठेक्यावर आहे, दर पावसाळ्यात रोहू-कतला-मिरगलचं बीज सोडतो. आता संस्थेत वाद पेटला आहे. बरेच जण म्हणतात मरळ आणि पढीन आपली सगळी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) खाऊन टाकतात, म्हणून उन्हाळ्यात पाणी उतरलं की मरळ पूर्ण साफ करायची. माझं म्हणणं आहे की आधी तिचं पोट तर पाहा. मरळ आम्ही जिवंत विकतो त्यामुळे घरी कापल्या जाते तेवढ्याच पोटांत पाहायला मिळते. आत दोन-तीन इंची मासे निघतात, डोकं विरघळलेलं, कातडी बरीचशी गेलेली, शेपटीकडचा भाग जरा बरा. ही रोहूची बोटुकली आहे का तलावातलीच बारीक मासोळी, हे पक्कं कसं सांगायचं? दीड हजारात कोणतं भिंग येईल आणि त्यातून पाहायचं काय? फोनचा कॅमेरा ठीकठाक आहे.

गळटाक्या_मानेवाडा
मरळ किती किलोची होती भाऊ? आणि कशावर लागली? मी रबरी बेडकावर धरतो, सकाळी गवताच्या कडेला मारला की अशी उसळून येते की हात थरथरतो. पोटात जे निघते त्याच साइजचा लुअर (नकली आमिष) लावा, एवढंच कामाचं आहे.

उमरेडरोड_तलाव
गळावर नाही भाऊ, जाळ्यात. आणि मला लुअर नको, मासोळी ओळखायची आहे.

सदरचा_दादा
भिंगाच्या फंदात पडूच नका. मी स्टिरिओ मायक्रोस्कोप घेतला, अठरा हजार लागले पण काय क्लिअर दिसते सांगू, खवल्यावरच्या रेघा मोजता येतात. एकदाच खर्च करायचा आणि चांगली वस्तू घ्यायची. कॅमेरा लावायचा तर आणखी सात-आठ धरा.

भोईपुरा_पहाट
अठरा हजारात संस्थेचं किती बीज येईल याचा हिशोब करा दादा. त्यानं दीड हजार लिहिलं आहे, वाचा तरी.
बावा, तू पोट कधी कापतो ते सांग. रातभर जाळं लावून सकाळी काढलं आणि दुपारी कापलं तं आत पाणीच राहणार. गरम पाण्यातली मासोळी लवकर पचवते, मेल्यावरही पोटातला रस काम करतच राहते. जाळ्यातून काढली की लगेच बर्फात, आणि घरी येताच पोट वेगळं काढ. दुसरं, शिकारी मासोळी बहुतेक वेळा खाणं डोक्याकडून गिळते. म्हणून डोकं आधी गेलेलं दिसते आणि शेपटी टिकते. तू शेपटीकडूनच ओळखायला शिक. आमच्याकडे म्हाताऱ्या बाया नुसती शेपटी पाहून सांगतात.

धरमपेठ_लॅब
वरच्यांनी बर्फाचं बरोबर सांगितलं. मी जरा सविस्तर लिहितो कारण इथेच लोकांचं सॅम्पल वाया जातं. पोट पूर्ण उभं चिरा, आतला माल पाण्याने हलक्या हाताने धुवा आणि ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. बंद पोट तसंच बाटलीत टाकलं तर अल्कोहोल आत पोचायला वेळ लागतो आणि तोवर आतलं विरघळत राहतं. फॉर्मॅलिन घरात आणू नका, त्याची वाफ वाईट, आणि ते हळूहळू आम्ल होतं, त्यात हाडं आणि कानातले खडे झिजतात. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. तारीख, तलावाची कोणती बाजू, जाळ्याचा आसा (भोकाचं माप), मरळीची लांबी एवढं लिहा.

सोनेगाव_एक्वा
हँड सॅनिटायझर चालतो ना? माझ्याकडे लॉकडाऊनपासूनचा पाच लिटरचा कॅन पडून आहे.

धरमपेठ_लॅब
जेलवाला नको, मासा त्यात चिकट होतो आणि काहीच दिसत नाही. मेडिकलमधलं स्पिरिट घ्या.

कोकणी_जावई
आमच्या सासुरवाडीला रत्नागिरीकडे लोक कानातल्या खड्यावरून मासा ओळखतात. डोक्यात दोन पांढरे खडे असतात, ते पचत नाहीत. खडा शोधा, काम झालं.

धरमपेठ_लॅब
समुद्री माशांत ते छान जमतं. इथे अडचण आहे. रोहू आणि पुंटियस (तलावातली ती बारीक मासोळी) दोन्ही एकाच घराण्यातले, आणि या घराण्यात जो खडा इतर माशांत मोठा असतो तो काडीसारखा बारीक आणि ठिसूळ असतो. मरळीच्या स्वतःच्या पिल्लाचा खडा मात्र चांगला मोठा मिळतो. मरळ स्वतःची जात खाते तेव्हा तो उपयोगी पडेल.

कोकणी_जावई
पण खडा असतो हे तर खरं ना. मी तेच म्हटलं.

जीन_गोरेवाडा
सगळा घोळ डीएनएने मिटतो. अल्कोहोल ७० नको, ९५च्या वरचं घ्या, मांसाचा तुकडा त्यात ठेवा, सीओआय नावाच्या जनुकाचे साधारण ६५० अक्षरांचे तुकडे वाचतात आणि जागतिक साठ्याशी जुळवतात. लखनौला राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे, तिथे याच विषयाचे लोक आहेत. आमच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही हेच केलं आणि एकाही सॅम्पलवर वाद झाला नाही.

भोईपुरा_पहाट
आणि पैसे? याच्या तलावाला प्रोजेक्ट नाही मिळालेला.

वैनगंगा_काठ
मी म्हणतो मरळ काढाच. आमच्याकडे एका संस्थेनं बारकं बीज टाकलं, इंचभराचं, आणि डिसेंबरात जाळ्याला काहीच नाही. पैसे पाण्यात गेले. वर बीजवाल्यानं मोजून कमी दिलं ते वेगळंच. मरळ, पढीन, टेंगरा, सगळे खातात. पोट फाडून काय पाहायचं?

उमरेडरोड_तलाव
दादा, बीज मोजून कमी आलं असं तुम्हीच म्हणता, मग बोटुकली मरळीनं खाल्ली हे कसं ठरलं? हेच तर मला पाहायचं आहे. आणि मरळीचा भाव रोहूपेक्षा जास्त मिळतो, तिचं बीज विकत आणावं लागत नाही. ती काढून टाकली तर वर्षभराची ती कमाई जाते. आमच्या संस्थेत म्हातारी माणसं आहेत ज्यांचं घर याच मरळीवर चाललं.

फुटाळा_विद्यार्थी
सर, मी मत्स्यशास्त्र शिकतो आहे, मायक्रोस्कोप नसला तरी चालतं. तीन गोष्टी मोजा.
पहिली, पाठीवरच्या पराचे काटे. पुढचे दोन-तीन साधे सोडून फक्त टोकाला फाटे फुटलेले मोजायचे. पुंटियसला असे ८ असतात, रोहू आणि मिरगलला १२-१३, कतल्याला १४ ते १६. कातडी गेली तरी पराच्या बुडाशी मांसात रुतलेली हाडांची रांग राहते, ती मोजता येते. ही गोष्ट तुमच्या कामाची सगळ्यात जास्त आहे.
दुसरी, अंगाच्या मधल्या रेषेवरची खवलं. रोहू, कतला, मिरगल तिघांनाही ४० च्या वर, पुंटियसला २५ च्या आसपास. खवलं गळाली असली तरी कातडीवर त्यांची जागा दिसते. त्याच लांबीच्या माशात पुंटियसचं खवलं मोठं वाटेल आणि रोहूचं लहान.
तिसरी, ठिपके. शेपटीच्या मुळाशी एक काळा ठिपका आणि पाठीच्या पराच्या बुडाशी एक, मिशी नाही, तर पुंटियस सोफोर. एक ठिपका कल्ल्याच्या मागे आणि दुसरा शेपटीकडे, तर पुंटियस टिक्टो. अल्कोहोलमध्येही काळा रंग बराच काळ टिकतो.
पण घशातल्या दातांवर जाऊ नका, यूट्यूबवर तेच सांगतात. रोहू आणि पुंटियस दोघांचेही दात तीन ओळींत असतात.

सदरचा_दादा
हे काटे मोजायला स्टिरिओच लागेल. साध्या भिंगात दोन काटे एक दिसतात.

फुटाळा_विद्यार्थी
दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग पुरतं, दोन-अडीच इंचाच्या माशाला नक्की. पर पाण्याच्या थेंबात काचेवर पसरवून खालून मोबाइलचा टॉर्च मारा, काटे वेगळे दिसतात.

झिंगा_प्रेमी
बाकीच्यांचं पण सांगा ना. आमच्याकडे पोटात निम्मं झिंग्याचं कवच निघते.

फुटाळा_विद्यार्थी
टेंगऱ्याला खवलं नसतात, पण छातीच्या पराचा करवतीसारखा काटा शेवटपर्यंत उरतो. चेलाचं पोट धारेसारखं, पाठीचा पर पार मागे आणि खवलं इतकी बारीक की मोजणं कठीण. चांदा म्हणजे आरपार दिसणारी मासोळी, तिच्या शेपटीजवळच्या खालच्या पराला पुढे तीन टोकदार काटे. तिलापियालाही तीनच, पण तिचा पाठीचा पर एकसलग लांब आणि पुढचे पंधरा-सोळा काटे टणक. आणि चांदा नामा दुसऱ्या माशांची खवलं तोडून खाते, म्हणून पोटात सुटी रोहूची खवलं सापडली की लगेच मरळीवर आळ घेऊ नका, ती चांद्याच्या पोटातून आलेली असू शकतात.

गळटाक्या_मानेवाडा
हे मस्त सांगितलं. मग चांद्याएवढा पारदर्शक लुअर मिळतो का कुठे?

रामटेक_भटक्या
थाई मांगूर आहे का तलावात ते आधी पाहा. त्यावर बंदी आहे, तरी कोणी ना कोणी चोरून पाळते आणि पुरात तलाव फुटला की सगळीकडे पसरते. बोटुकली तोच खातो आणि नाव मरळीचं.

वैनगंगा_काठ
मांगूर तर वेगळाच विषय झाला. पण बरोबर आहे, मांगूर असला तर मरळही वाचत नाही.

भोईपुरा_पहाट
अजून एक लक्षात ठेव. ज्या दिवशी बीज सोडलं त्याच्या पुढच्या दोन-चार दिवसांची मरळ धरशील तं पोटात बोटुकली निघणारच. प्रवासात थकलेलं बीज सुस्त असते. आणि ओढजाळ्यात सगळे एकत्र कोंडले की मरळ तिथंच दोन-चार गिळते, ते तिचं रोजचं खाणं नव्हे. उतरत्या पावसाळ्यात, हिवाळ्यात, उन्हाळ्यात वेगवेगळं पाहा. आणि बीज चार इंचाचं सोडा, मग कोणाच्या पोटात सहजी जात नाही.

धरमपेठ_लॅब
चार इंचाचा मुद्दा बरोबर. रिकामी पोटंही वहीत लिहा. अशी पोटं बरीच निघतात, ती सोडून दिली की हिशोब चुकतो.

जीन_गोरेवाडा
तरी सांगतो, काट्यांवरून जात कळेल, संकरित बीज कळणार नाही. हॅचरीत रोहू-कतल्याचे संकर होतात. त्यासाठी एकटा सीओआयही पुरत नाही, तो फक्त आईची जात सांगतो, डीएनएचे दुसरे भागही तपासावे लागतात.

उमरेडरोड_तलाव
सगळ्यांचे आभार, विशेष करून फुटाळा आणि भोईपुरा. मी ठरवलं ते सांगतो. मायक्रोस्कोप नाही, लखनौ नाही. दहापटीचं भिंग आणि स्पिरिट घेतो, उरलेल्या पैशात बर्फ. आणि घरी बसून मोजणार नाही. संस्थेच्या बैठकीच्या दिवशी पहाटेचं जाळं काढू, तिथेच सगळ्यांसमोर मरळ कापू. शेजारी आमच्याच बीजातली रोहूची बोटुकली आणि तलावातली पुंटियस दोन्ही ठेवतो, आणि काटे मी नाही, जे मरळ काढा म्हणतात त्यांनीच मोजायचे.

धरमपेठ_लॅब
असं नका करू. लोकांसमोर घाईत मोजणी चुकते. आधी घरी करून पक्का कागद घेऊन जा.

उमरेडरोड_तलाव
सर, माझ्या कागदावर कोणी विश्वास ठेवणार नाही, तो माझाच कागद म्हणतील. बोटुकली निघाली तर मीही मान्य करीन आणि पुढच्या वर्षी चार इंचाचं बीज घ्यायला लावीन. पण पाहिल्याशिवाय मरळ मारू देणार नाही.

सदरचा_दादा
माझा मायक्रोस्कोप हवा तर एक दिवसासाठी आणतो, मला कार्यक्रम पाहायचा आहे. उमरेड रोडला कुठे उतरायचं?

फुटाळा_विद्यार्थी
मी पण येतो. पांढरी थाळी, चिमटा आणि पेन्सिल आणतो, तुम्ही बर्फ विसरू नका.