‘शहरात जा’ हा सल्ला आता नक्की कोणासाठी?

खेडवळ : एमआयटीचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पगारांचा हिशेब मांडला. १९७०-८० च्या सुमाराला कॉलेज न केलेला माणूसही मोठ्या शहरात गेला की चांगलं जास्त कमवायचा. कारखान्यात किंवा ऑफिसात टायपिंग, फायली, हिशेब अशी मधली कामं होती. संगणक आणि यंत्रांनी ही फळीच उडवली. डिग्रीवाल्यांना शहर आजही भरभरून देतं. बाकीच्यांच्या वाट्याला झाडलोट, पहारा, हॉटेलातली भांडी. ‘शहरात जा’ हा सरसकट सल्ला आता बंद करा.

गणपतराव : अहो, अर्धंच सांगताय. बर्कले विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेट्टी यांचं काय? एका हायटेक नोकरीमागे कालांतराने त्याच शहरात आणखी पाच नोकऱ्या उभ्या राहतात, असा त्यांचा अंदाज. १९७१ मध्ये बोइंग या विमान कंपनीच्या नोकरकपातीने सिअ‍ॅटल इतकं खचलं होतं, की विमानतळाजवळ फलक लागला : शेवटच्या माणसाने जाताना दिवे मालवावेत. १९७९ ला मायक्रोसॉफ्ट तिथे आली. त्यानंतरचं सिअ‍ॅटल बघा. आणि त्या पाचांत वकील असतो तसा न्हावीही असतो.

खेडवळ : न्हाव्याने राहायचं कुठे? पीटर गनॉंग आणि डॅनियल शोग या अर्थतज्ज्ञांनी वकील आणि सफाई कामगार यांची तुलना केलीय. घरखर्च वजा जाता न्यूयॉर्कच्या वकिलाच्या हातात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वकिलापेक्षा जास्त उरतं. सफाई कामगाराच्या हातात कमी. १९६० मध्ये दोघंही फायद्यात होते.

कमलताई : मग दोष भाड्याचा झाला, तंत्रज्ञानाचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोत नव्या इमारतींना परवानगी मिळवता मिळवता वर्षं जातात. घरं बांधू द्या, निम्मा प्रश्न सुटेल.

खेडवळ : ताई, ऑटरचे आकडे स्थानिक भाडं वजा करायच्या आधीचे आहेत. पगारातच घसरण आहे. मजले चढवून टायपिस्टची खुर्ची परत येत नाही.

चिमणी : हा अमेरिकेचा हिशेब उचलून मुंबईवर ठेवू नका म्हणजे झालं. लालबाग-परळची मधली फळी संगणकाने नाही गेली. १९८२ चा संप, आधीच आजारी गिरण्या आणि जमिनीचा भाव! फिनिक्स मिलचा मॉल झाला तो काही सॉफ्टवेअरमुळे नाही.

गणपतराव : बरोबर. आणि अमेरिकेतही सगळं यंत्रांवर ढकलता येत नाही. चिनी आयातीने कारखान्यांची गावं कशी बसली, हे दाखवणाऱ्यांत हेच ऑटर होते. खेडवळ, तो भाग सोयीने गाळलात?