उदगीरला पीव्हीसी पाइपचा कारखाना टाकावा की बिदरला? सबसिडीचं गणित कुणी सांगेल का

उदगीर_पाइपवाला:
नमस्कार मंडळी. उदगीरला माझं पाइप-मोटारीचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. दुसऱ्याचा पाइप विकून कंटाळलो, आता स्वतःच काढावा म्हणतो. पाइप काढायच्या मशीनची एक लाइन, शेड, ट्रान्सफॉर्मर धरून दीडेक कोटीत बसतंय. मेहुणे बिदरला असतात, ते मागं लागलेत की इकडंच शेड टाका, तासाभराची तर वाट. दुसरीकडं एक सबसिडीवाला एजंट घरी येऊन चहा पिऊन गेला. वहीच्या कागदावर लिहून दिलं, "महाराष्ट्रात राहा, जेवढी गुंतवणूक तेवढा जीएसटी परत." बायको म्हणाली, सरकार घेतलेलं कधी परत देतंय का.
माझं निम्मं गिऱ्हाईक उदगीर, देवणी, जळकोट, मुखेडचं. निम्मं बिदरकडच्या औरादचं आणि भालकीचं. काय करू?

मुखेडकर:
मेहुण्याच्या भरवशावर धंदा टाकू नका एवढंच सांगतो. बाकी जाणकार बोलतील.

लातूर_दोन_लाइन:
मी पाइपचाच माणूस, लातूरला दोन लाइन चालवतो, म्हणून जरा लांबड लावतो.

एजंट खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. पाइपवर जीएसटी १८ टक्के. माल महाराष्ट्रात विकला तर त्यातले ९ केंद्राचे, ९ राज्याचे. नव्या कारखान्यांसाठी महाराष्ट्र सरकारची सामूहिक प्रोत्साहन योजना असते, तिच्यातली सबसिडी मोजतात ती या राज्याच्या ९ वर. आणि २०१९ च्या योजनेत अट अशी होती की पहिली विक्री पाहिजे, बिल महाराष्ट्रातलं पाहिजे आणि माल उतरलाही महाराष्ट्रातच पाहिजे. भालकीच्या दुकानदाराला टेम्पो भरून दिला की लागतो आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा जीएसटी), आणि त्यातला राज्याचा वाटा जातो कर्नाटकाला. मग महाराष्ट्र तुम्हाला काय म्हणून परत देईल? वर्षाला १ कोटीचा माल विकला आणि ५० लाखांचा तिकडं गेला, तर हिशोब ९ लाखांवर नाही, साडेचार लाखांवर चालू होतो. त्यातला किती टक्का, किती वर्षं आणि एकूण किती, हे तालुका मागासपणाच्या कुठल्या वर्गात आहे त्यावर. बिदरला शेड टाकली तर हेच उलटं, तिथून मुखेडला जाणारा माल आयजीएसटीत.

म्हणजे आधी गिऱ्हाईक कुठलं ते बघा, मग सवलत.

दुसऱ्या धंद्याचं बघूनही फसू नका. माझ्या शेजारी दाळमिल आहे. सुट्या डाळीवर जीएसटीच नाही, २५ किलोपर्यंतच्या लेबलवाल्या पाकिटावर ५ टक्के, तोही जुलै २०२२ पासून. मूळ करच नाही तर परतावा कशाचा? त्यानं पीएमएफएमई या केंद्राच्या योजनेतून मशीनला ३५ टक्के घेतले, कमाल १० लाखांपर्यंत. ती योजना अन्नप्रक्रियेची, पाइपवाल्याला तिथं दार नाही.

आता वीज. मला सगळ्यात जास्त हिनंच मारलं. पहिल्या वर्षी मार्चमध्ये ११० एमएमचा पाइप चालू होता, भर दुपारी लाइट गेली. जनरेटर घ्यायचा होता, पैसे नव्हते. पीव्हीसी मशीनच्या गरम नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, थांबला की करपतो. आधी पिवळा, मग चहासारखा, आणि वास असा की डोळ्यातून पाणी. मी आणि दोन पोरं डाय (पाइपला आकार देणारा साचा) खोलून पितळी पट्टीनं खरवडत बसलो (लोखंडी लावली की डायला चरे पडतात). रात्रीचे नऊ वाजले. त्या महिन्यात असं चार वेळा झालं. म्हणून प्लॉट बघायला जाल तेव्हा प्लॉट नंतर बघा, फीडर (सबस्टेशनवरून येणारी विजेची लाइन) आधी विचारा. स्वतंत्र औद्योगिक फीडर आहे की गावाच्या लाइनवर जोडणार? सबस्टेशनच्या ऑपरेटरला चहा पाजला की तो खरं सांगतो, ऑफिसात सांगत नाहीत.

मराठवाड्यातल्या उद्योगाला वीजदरात सवलत मिळाली, ती मात्र बिलातच वजा होऊन आली. मागं पळावं लागलं नाही.

जीएसटीच्या सबसिडीचं तसं नाही. आधी कर भरा, मग दावा करा, मग तरतूद आली की मिळणार. मी पहिला दावा टाकला तेव्हा मुलगी दहावीला होती. पैसे आले तेव्हा तिचा बारावीचा निकाल लागला होता. शेतकरी आपल्याकडून पाइप नेतो आणि सोयाबीन विकलं की देतो म्हणतो ना, तसंच, फक्त इथं सोयाबीन कधी निघणार ते कुणी सांगत नाही. बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सबसिडीच्या ओळीत शून्य टाका आणि हप्ता निघतो का बघा. माझ्या रिपोर्टात ती पहिल्याच वर्षी धरली होती, तो खड्डा मी भिशी उचलून भरला.

वाळूजचा_म्हातारा:
मी १९९३ च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेच्या काळात वाळूजला स्टोअर सांभाळायचो. तेव्हा विक्रीकराची गंमत होती. गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा, सरकारला काही वर्षांनी भरायचा. बिनव्याजी पैसाच की! आमच्या शेठचं निम्मं भांडवल तेच होतं. मग राज्यांनी ठरवून २००० सालापासून नव्या कारखान्यांना विक्रीकराची सवलत बंद केली. आमची मुदत संपली आणि भरायचे हप्ते चालू झाले, तसा शेठनं शेडचा पत्रासुद्धा उतरवून विकला. पण बजाज १९८५ ला आली, तिच्याभोवती सुटे भाग करणारे जमले, ते अजून आहेत. त्यांचं गिऱ्हाईक भिंतीपलीकडं होतं.

सीए_नांदेड:
वरचं सगळं बरोबर. थोडी भर. जीएसटीचा दर आणि इन्कम टॅक्स दोन्ही राज्यांत सारखाच, त्यासाठी सीमा ओलांडू नका. फरक पडतो जमिनीत, मुद्रांक शुल्कात, वीज शुल्कात. एमआयडीसीची जमीन ९५ वर्षांच्या लीजवर असते, विकायची वेळ आली तर हस्तांतर शुल्क लागतं, ते आत्ताच विचारून ठेवा. २०१९ ची योजना १ एप्रिल २०१९ पासून पाच वर्षांची होती. म्हणून एजंटच्या वहीवर जाऊ नका. जिल्हा उद्योग केंद्रात जा, आज लागू असलेला शासन निर्णय छापून घ्या, त्यात आपला तालुका कुठल्या वर्गात आहे त्यावर स्वतः बोट ठेवा. पात्रता प्रमाणपत्राशिवाय दावाच होत नाही.

उदगीर_पाइपवाला:
सगळ्यांचे आभार. काल एजंटला फोन लावून विचारलं, भालकीच्या मालाचं काय? म्हणाला, "साहेब, त्यात काय, बिल उदगीरच्या नावानं फाडू."
फोन ठेवला. बायकोला सांगितलं, ती नुसती हसली. आता सबस्टेशनला चाललोय.