शब्दचर्चा : भग्न, मोडलेलं की ठेचलेलं?

वडगावकर :
येत्या रविवारी चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायची आहे, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, आणि एका शब्दावर अडलोय. आमच्या प्रार्थनासभेत तरुण पोरं सरळ ‘मी ब्रोकन झालो’ म्हणतात. पवित्र शास्त्रात (बायबलात) 51व्या स्तोत्रात भग्न आत्मा, भग्न आणि अनुतप्त हृदय असे शब्द आहेत. तेच घेतले आणि आईला साक्ष वाचून दाखवली. ती म्हणाली, “भग्न म्हणजे देवळातल्या मूर्तीला म्हणतात तसं? साक्ष दे, खरं भग्न नको म्हणूस. तसली मूर्ती पाण्यात सोडून येतात.” (आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. बाहेरच्यांसाठी सांगतो.)

मग ‘मोडलो’ लिहिलं. त्यातही अडचण आहे. आमचे चार यंत्रमाग होते, ते मोडीत गेले, किलोवर. भंगारवाल्याच्या काट्यावर लोखंड चढत होतं आणि मी बाजूला एक धोटा हातात धरून उभा होतो. तो तेवढा दिला नाही, अजून घरी आहे. त्यानंतर दारू, धाकट्या भावाशी अबोला, तो माझ्याच खोटेपणामुळं. शेवटी एका रात्री त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. देव जवळ आहे हे मला कळलं ते त्या दारात. आता ‘मोडलो’ म्हटलं की गल्लीला एवढंच ऐकू येणार, की धंदा बुडाला. काय म्हणू?

खानापूरकर :
मी मराठी शिकवत होतो, त्यामुळं आधी क्रियापदं बघतो. भग्नसाठी मूळ इब्री (हिब्रू) क्रियापद ‘शाबर’. मडकं फुटलं तरी तेच, हाड मोडलं तरी तेच. मराठीत आपण वाटण्या केल्यात: धागा तुटतो, काठी मोडते, मडकं फुटतं, भिंत खचते. ‘फुटणे’ मला फार आवडतं, कारण अंकुरही फुटतो, पाझरही फुटतो, वाचाही फुटते. पण ‘माणूस फुटला’ म्हटलं की तो दुसऱ्या गटात गेला असा अर्थ होतो, तेव्हा साक्षीत ते चालणार नाही.

मडक्यावरून एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. प्रवचनात यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 18वा अध्याय नेहमी येतो, कुंभाराच्या हातात भांडं बिघडतं आणि तो त्याचंच दुसरं करतो. लगेच पुढच्या 19व्या अध्यायात संदेष्टा एक भाजलेलं मडकं लोकांसमोर फोडतो, आणि ते पुन्हा सांधता येत नाही. हा फरक फार कमी लोक सांगतात. इथं खानापुरात कुंभारकाम अजून बघायला मिळतं. चाकावर कड एकीकडं कलली की कुंभार ती सावरत बसत नाही, ओल्या हातानं सगळं खाली दाबतो, पुन्हा गोळा करतो, पुन्हा मधोमध बसवतो. माती ओली आहे तोवरच हे जमतं. 51वं स्तोत्र ज्याचं मानतात त्या दाविद राजाचंही मला तसंच वाटतं. त्यानं दुसऱ्याची बायको बथशेबा हिला घेतलं होतं आणि तिच्या नवऱ्याला मारवलं होतं. नाथान संदेष्टा त्याला जाब विचारायला आला तेव्हा त्याचं सिंहासन, सैन्य, वाडा, काहीच गेलेलं नव्हतं. मोडला तो त्याचा आडपडदा. बथशेबेच्या बाबतीत आणि तिच्या नवऱ्याच्या बाबतीत आपण काय केलं हे तो एका वाक्यात कबूल करतो. म्हणून 51व्या स्तोत्रातलं ‘भग्न’ हे नुकसानीचं नाव नाही, असं माझं ठाम मत आहे.

निपाणीची लेक :
बेळगावात लंडन मिशनचं काम 1820 मध्ये सुरू झालं, आणि आमच्यासारख्या घरांत आजही एक उपासना मराठीत तर एक कानडीत होते. कानडी शास्त्रात हेच वचन ऐका: ‘कुग्गिद मनस्सु’, आणि पुढं ‘जज्जिहोद मनस्सु’. कुग्गणे म्हणजे वाकणं, खाली जाणं. जज्जणे म्हणजे खलबत्त्यात लसूण ठेचतो तसं ठेचणं. मराठीत त्या जागी ‘अनुतप्त’ आहे. त्यात ताप आहे, पण ठेच नाही. इब्रीत हा दुसरा शब्द ठेचण्याचाच आहे आणि यशयाच्या 53व्या अध्यायात दुःखी सेवक आमच्या दुष्कर्मांमुळे ठेचला गेला असं येतं, तोही त्याच कुळातला. मी हे पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा वही मिटून बराच वेळ बसले होते. आपण ठेचले जातो तिथं तो सेवक, म्हणजे आपल्यासाठी येशू, आधीच जाऊन आलेला आहे.

आणि ‘मोडणे’ टाकू नका हो. शास्त्रात भाकर मोडतात. आपल्या घरात जोंधळ्याची भाकरी कोण सुरीनं कापतं? प्रभुभोजनात, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीतल्या विधीत, पाळक भाकर मोडतात तेव्हा ती वाटण्यासाठी मोडतात. तुमच्या आईला हे एकदा सांगून बघा.

तिसरी घंटा :
एक विनंती. हा शब्द दुसऱ्याला लावू नका. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘देव तुला मोडतोय, सोस’ असं सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय, आणि मला ते अजून सहन होत नाही. यशयाच्या 42व्या अध्यायात देवाचा सेवक चेपलेला बोरू मोडत नाही, मिणमिणती वात विझवत नाही. ‘मी मोडलो’ हे ज्याचं त्यानंच म्हणायचं.

खानापूरकर :
अगदी बरोबर. प्रथमपुरुषी एकवचनातच तो शब्द खरा.

वडगावकर :
सगळ्यांचे आभार. खानापूरकर, तुमचं वाचून कळलं की मी साक्ष चुकीच्या जागेवरून सुरू केली होती. माग गेले तेव्हा मी नुसता चिडलो होतो, मोडलो नव्हतो. त्या दिवसांत देवालाही बोल लावत होतो. मागांचं सगळं आता दोन ओळींत आणलंय.

आईला भाकरीचं सांगितलं. तेव्हा ती भाकरीच थापत होती. म्हणाली, “मग मोडलोच म्हण.”

पहिलं वाक्य असं लिहिलंय: “वाटणीत मी भावाशी खोटं बोललो होतो, आणि ते त्याच्या दारात उभं राहून सांगताना मी मोडलो.” भावालाही वाचून दाखवलं. रविवारी तो येणार आहे.